सात वर्षांच्या नातवाला पहिली गरवायची काठी कोणती द्यावी?

प्रश्न : कर्ली खाडीच्या काठी आमचं घर आहे. नातू सात वर्षांचा, डोंबिवलीला असतो. दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस येणार आहे आणि गरवायला (गळानं मासे धरायला) शिकवा म्हणून आतापासूनच फोनवर मागे लागलाय. मी जन्मभर हातदोरीनं गरवलं, रीलची काठी कधी हातात धरली नाही. मुलानं ऑनलाइन एक सेट बघून ठेवलाय : दहा फुटी घडीची काठी, रील, दोरी, गळांची डबी, प्लास्टिकचे मासे आणि पिशवी, सगळं बाराशे रुपयांत. तो घ्यावा, की माझ्यासारखी हातदोरीच द्यावी? सुनेला गळाची फार भीती वाटते. तिला काय सांगू?
— एक आजोबा, मालवण तालुका

उत्तर : सेट घेऊ नका. हातदोरीही इतक्यात नको. या दिवाळीत नातवाच्या हातात सहा फुटांची, बिनरीलची बांबूची काठी द्या आणि रीलचा खर्च मे महिन्यावर ढकला. कारणं सविस्तर देतो, कारण मुलाला तुम्हाला समजावावं लागणार आहे. त्यानं सेट कार्टमध्ये टाकूनही ठेवला असेल.

पहिली अडचण लांबीची. काठी आडवी धरली, दोन हातांत वीतभर अंतर ठेवलं आणि शेंड्याला १०० ग्रॅमचा मासा लागला, तर दहा फुटी काठीत मागच्या हाताला एक किलोहून जास्त जोर लावावा लागतो. साडेपाच फुटी काठीत हाच जोर अर्ध्या किलोच्या आसपास येतो. काठीचं स्वतःचं वजन आणखी वेगळं. सात वर्षांचं मूल दहा फुटी काठी दोन्ही हातांनी पोटाशी टेकवून धरतं, पाच मिनिटांत शेंडा पाण्यात बुडतो आणि मग काठी आजोबांच्या हातात येते. मुलगा शेजारी बसून बघत राहतो.

दुसरी अडचण घडीच्या काठीची. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांमध्ये रेती आणि खाऱ्या पाण्याचं मीठ अडकतं. एक तर नळी उघडत नाही, नाही तर टाकताना आत सरकते. दोरीच्या कड्या प्रत्येक नळीवर बसवलेल्या असतात. नळी जरा फिरली की कड्या एका रेषेत राहत नाहीत आणि दोरी घासत जाते. सगळ्यांत वरची नळी काडीएवढी बारीक असते, ती दाराच्या फटीत सापडून मोडते. स्वस्त सेटमधली दोरी बहुधा गरजेपेक्षा जाड असते. रीलवरून ती स्प्रिंगसारखी उसळून बाहेर पडते आणि पहिल्याच सकाळी गुंता सोडवत बसावं लागतं. आणि त्या प्लास्टिकच्या माशांना तीन तोंडांचे गळ असतात. सुनेची भीती तिथे अगदी रास्त आहे.

हातदोरीबद्दल तुम्हाला आम्ही काय सांगणार! चावा बोटाला कळावा तर हातदोरीतच. पण तिची वेटोळी पायाशी पडतात, मूल त्यातच उभं राहतं, आणि जरा बरा मासा ओढू लागला की तंगूस (गरवायची नायलॉनची दोरी) कोवळ्या बोटात रुततो. शिवाय शिसं गरगर फिरवून फेकणं हे सात वर्षांच्या मुलाचं काम नव्हे. गळ आधी शेजाऱ्याच्या कानापर्यंत जातो. दहा वर्षांचा झाला की शिकवा.

आता बांबूची काठी. तुमच्याकडे माणग्याचं बेट असेलच. तो जवळजवळ भरीव असतो, म्हणून बारीक भागही चटकन मोडत नाही. यंदा उगवलेला कोवळा बांबू घेऊ नका, सुकताना तो सुरकुततो आणि वाकतो. दोन-तीन वर्षांचा जून बांबू तोडा आणि त्याच्या शेंड्याकडचे सहा फूट ठेवा : मुठीशी १५ ते १८ मिलिमीटर जाडी, टोकाला ४ ते ५. फांद्या कोयत्यानं पेरालगत साफ करा, पेरं काचपेपरनं घासा. नाही तर नातवाच्या तळहातात कुसळ जाणार आणि त्याचंही खापर गळावर फुटणार. मग काठी सावलीत वाशाला टांगा आणि खालच्या टोकाला वीट बांधा, म्हणजे सरळ सुकते. तीन आठवडे तरी जाऊ द्या. ओल्या काठीचं वजन जास्त असतं आणि ती वाकली की वाकलेलीच राहते. सुकल्यावरही कुठे बाक उरला तर तो भाग निखाऱ्यांवरून फिरवत गरम करा, हातानं सरळ करून धरा आणि गार होईपर्यंत सोडू नका. अशी काठी दीडशे ग्रॅमच्या आसपास भरते.

मुठीचं माप एकच : अंगठा आणि मधलं बोट काठीभोवती एकमेकांना टेकली पाहिजेत. टेकत नसतील तर काठी जाड आहे.

दोरी ०.२५ मिलिमीटरचा साधा नायलॉनचा तंगूस. ती नुसती शेंड्याला बांधू नका. काठीच्या मध्यावरच्या पेराशी पहिली गाठ मारा, तिथून दोरीचे सैल वेढे देत शेंड्यापर्यंत न्या आणि शेंड्याला सुती दोऱ्यानं आवळा. शेंडा मोडला तरी मासा आणि दोरी हातात राहतात. शेंड्यापासून सुटी दोरी काठीपेक्षा वीतभर कमी ठेवा. काठी उभी केली की गळ झुलत बरोबर मुलाच्या हाताशी येतो. सगळे चुकतात ते इथे : जरा लांब टाकता यावं म्हणून दोरी दीडपट ठेवतात. मग मासा पायाशी लोंबतो, मूल मागे मागे सरकतं, आणि मागे धक्क्याची कड असते.

फ्लोटसाठी भेंडाचा किंवा जुन्या चपलेच्या रबराचा बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरतो. थर्माकोल नको, तो चुरा होऊन खाडीत जातो. दोरीवर शिशाचे लहान मणी गळाच्या चार बोटं वर दाबा आणि ते इतकेच लावा की फ्लोटचा वरचा तिसरा हिस्साच पाण्याबाहेर दिसेल. फ्लोट सगळाच वर तरंगत असेल तर माशाला ओढताना जोर लागतो आणि तो आमिष सोडून देतो. मुलाला शिसं दातानं दाबू देऊ नका, तुम्हीही दाबू नका. शिसं विषारी आहे. हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय लाडू-चिवड्याच्या डब्याला हात नको.

गळ घेताना दुकानात घोळ होतो तो नंबरांचा. साध्या नंबरांत आकडा जितका मोठा, तितका गळ लहान. दहा नंबरचा गळ सहा नंबरपेक्षा बारीक. पण आकड्यानंतर तिरपी रेघ मारून शून्य लागलं (५/०) की उलट होतं, आणि त्या मालिकेतला पाच नंबर म्हणजे घोळ-शिंगाळ्याचा गळ. तुम्हाला हवेत आठ आणि दहा नंबरचे, लांब दांड्याचे, प्रत्येकी दहा. दांडा लांब असला की माशाच्या तोंडातून काढायला सोपं जातं.

गाठीसाठी दोरी गळाच्या डोळ्यातून ओवा, सुट्या टोकाचे मूळ दोरीभोवती पाच वेढे द्या, टोक डोळ्यालगतच्या पहिल्या फटीतून काढा, मग त्यानं तयार झालेल्या मोठ्या फासातून. ओढण्याआधी गाठ थुंकीनं ओली करा. कोरडा नायलॉन घासून तापतो आणि तिथेच कमजोर होतो. मासा ‘तोडून’ गेला म्हणतात, त्यात बऱ्याचदा गाठच सुटलेली असते. दोरीच्या टोकाला कुरळी शेपटी राहिली असेल तर समजा की गाठ सुटली, तुटली नाही.

आता सूनबाईंचा प्रश्न, आणि त्याला खरंच ठोस उत्तर आहे. गळाच्या टोकामागे जो उलटा काटा असतो, तो बारीक तोंडाच्या पक्कडीनं दाबून सपाट करा. सगळ्या गळांचा, डबी उघडल्या दिवशीच. सपाट झाला की नाही हे बघायला गळ जुन्या धोतराच्या कापडात टोचा आणि मागे ओढा. कापडाचा धागा अडकला तर पुन्हा दाबा. अलगद सुटला तर झालं. असा गळ बोटात गेलाच तर ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं निघतो. हे सूनबाईंच्या समोर करा, कापड त्यांच्याच हातात द्या. दोरी सैल पडली की एखादा मासा सुटेल. सुटू दे.

काटा न दाबलेला गळ कुणाच्या कातडीत खोल गेला तर ओढू नका, दोरी कापा आणि आरोग्य केंद्रात जा. डोळ्याजवळ असेल तर त्याला हातही लावू नका. दोन्ही वेळी धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारायचं. पाण्यावर असेपर्यंत नातवाच्या डोक्यावर टोपी आणि डोळ्यांवर साधा चष्मा हवा. काठीच्या मुठीपाशी बाटलीचं एक बूच बांधून ठेवा. काठी पाण्यात नसेल तेव्हा गळ त्या बुचात टोचलेला असला पाहिजे. दोरीचं माप वर सांगितलं तसं ठेवलंत तर तो तिथपर्यंत बरोबर पोचतो.

काठी उचलायला शिकवताना ‘झटका दे’ म्हणू नका. मुलं जीव खाऊन झटका देतात, मासा नसला तर गळ, फ्लोट आणि शिसं तोंडावर येतं. फ्लोट बुडून सरकू लागला की मनगटानं शेंडा दोन फूट वर उचलायचा, एवढंच. नुसता थरथरत असेल तर थांबायचं.

आमिष सोलून वाटाण्याएवढी कापलेली ताजी कोळंबी. तुकडा मोठा झाला की लहान मासे कडा कुरतडतात आणि गळ तोंडात जातच नाही. काळुंदरांसाठी घट्ट मळलेली कणीक चालते. तिच्यात कापसाचे थोडे तंतू मळले तर गोळी पाण्यात लगेच विरघळत नाही. कणकेचं काम नातवाकडे द्या. गळाला कोळंबी लावण्यापेक्षा मुलांना तेच जास्त आवडतं आणि हातही सुरक्षित राहतात.

कधी जायचं हे तुम्हाला सांगायला नको, पण डोंबिवलीहून येणाऱ्यांना सांगावं लागेल. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे पाडवा-भाऊबीजेला उधाण असतं. पाणी जोरात चढतं, जोरात उतरतं आणि फ्लोट जागेवर ठरत नाही. चारपाच दिवस थांबा. कार्तिक शुद्ध सप्तमी ते नवमी भांग असते, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं आणि ओढ मंद असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, त्या हिशेबानं सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. म्हणजे उजाडताना पाणी भरलेलं, पायऱ्यांच्या वरच्या भागापर्यंत आलेलं, आणि ऊन चढेपर्यंत ओहोटी हळूहळू लागलेली. सहा फुटी काठीला यापेक्षा सोयीची वेळ नाही. तासाभरात परत या, मासा लागत असला तरी.

जागा आतल्या खाडीतली, कठडा किंवा रुंद पायरी असलेली. देवबागच्या संगमाकडे अजिबात नको. ओहोटीची ओढ तिथे मोठ्यांनाही आवरत नाही. पायात मागे पट्टा असलेले सँडल, कारण पायऱ्यांवरचं शेवाळ निसरडं आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या. अंगात मुलाच्या वजनाचं लाइफ जॅकेट, दोन पायांमधून पट्टा येणारं. मोठ्यांचं जॅकेट घालून दोऱ्या आवळल्या तरी पाण्यात पडल्यावर ते मुलाच्या डोक्यावरून वर निघून जातं.

लागणारे मासे बहुतेक वेळा काळुंदर, पालू, एखादी लहान तांबोशी, रेतीकडे मुडदुशी. नातवाला आधी दोन मासे ओळखायला शिकवा, कारण त्यांना त्यानं हात लावायचा नाही. एक शेंगटी. पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक, असे तीन काटे, आणि लहान शेंगटीचे काटे तर सुईसारखे तीक्ष्ण. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात जागा अर्धा-एक तास बुडवून ठेवा, ठणका कमी होतो. पाण्याची ऊब आधी मोठ्यानं स्वतःच्या हातानं बघायची, नाही तर वेदनेच्या भरात मूल भाजून घेतं. काट्याचा तुकडा आत राहिला असेल किंवा सूज चढत असेल तर डॉक्टरकडे. दुसरा केंड. तो फुगतो म्हणून मुलांना गंमत वाटते, पण त्याचे दात गळाची दोरी कापतात आणि बोटही सोडत नाहीत. खायला तर तो विषारीच. दोघांनाही पक्कडीनं धरून गळ काढा, ते काम तुमचं. केंड सतत गळ तोडत असतील तर जागा बदला, दोरी जाड करून उपयोग नाही.

मे महिन्यात नातू पुन्हा आला आणि तेव्हा त्याला फ्लोट वेळेवर उचलता येत असेल, गळ बुचात ठेवायची आठवण करून द्यावी लागत नसेल, तर रीलची काठी घ्या. ऑनलाइन नाही, दुकानात, नातवाला घेऊन. काठी साडेपाच फुटी, दोन तुकड्यांची, फायबरग्लासची. कार्बनची काठी हलकी असते, पण दगडावर आपटली की तिला न दिसणारी चीर पडते आणि पुढच्या माशाला ती मोडते. शिवाय कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे विजेच्या तारांखाली आणि मे महिन्यातल्या वळिवाच्या गडगडाटात ती धोक्याची. अर्थात ढग गडगडू लागले की बांबूची काठीसुद्धा उचलून घरीच यायचं. काठीवर फेकायचं वजन छापलेलं असतं, ते ५ ते २० ग्रॅमच्या दरम्यान असावं. प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकला तर आतल्या रिंगेला तडा आहे, दोरी तिथे कापणार. रीलच्या मागचा दांडा नातवाच्या कोपरापेक्षा लांब नको, नाही तर फिरवताना पोटात खुपतो. रील बसवून काठी त्याला एका हातानं आडवी धरायला लावा आणि त्याच्याशी दुसऱ्याच विषयावर बोला. दोन मिनिटांत शेंडा खाली आला तर काठी परत ठेवा.

रील समोरून उघडं, १००० किंवा २००० आकाराचं. बटण दाबून दोरी सोडायचं झाकणाचं रील लहान मुलांसाठी म्हणून विकतात. वापरायला सोपं आहे खरं, पण गुंता झाकणाच्या आत होतो, दिसत नाही, आणि खारं पाणी आत गेलं की गंज धरतो. खाडीकाठी ते नको. दुकानदार वेणीची दोरी गळ्यात मारू बघेल. ती बोटं कापते आणि गुंतली की सुटत नाही. साधा ०.२५ चाच तंगूस भरा, चकतीच्या कडेपासून दोन मिलिमीटर खाली राहील इतका. काठोकाठ भरला तर वेटोळी आपोआप उडतात. भरताना दोरीचं बंडल जमिनीवर आडवं ठेवा, दहा वेढे घ्या, दोरी सैल सोडून बघा. पिळ पडत असेल तर बंडल पालथं करा. ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की दोरी सोडणारा रीलचा ब्रेक, ताणकाट्यावर लावून एक किलोच्या जोराला दोरी सुटेल असा ठेवा, आणि मुलाला त्याला हात लावू देऊ नका. काठी आणि रील मिळून दीड ते अडीच हजारांत बरं मिळतं.

पहिले दोन दिवस गळ न लावता अंगणात. गळाऐवजी दहा ग्रॅमचा नट कापडात गुंडाळून बांधा आणि वीस पावलांवर घमेलं ठेवा. दोरी तर्जनीवर धरायची, रीलवरची दोरी अडवणारी तार उघडायची, काठी कानाजवळ न्यायची, पुढे आणून डोळ्यांच्या उंचीला आली की बोट सोडायचं. नट आभाळात गेला तर बोट लवकर सुटलं. पायाशी आपटला तर उशिरा. तार मिटायची ती हातानं. हँडल फिरवून मिटली तर चकतीवर सैल वेटोळं बसतं आणि तिसऱ्या-चौथ्या फेकीला गाठ होऊन बाहेर येतं. टाकण्याआधी मागे कोण आहे ते वळून बघायचं, ही सवय अंगणातच लागली पाहिजे, म्हणून मध्येच गुपचूप त्याच्या मागे जाऊन उभे राहा.

खाडीवरून आल्यावर रीलचा ड्रॅग आवळून गोड्या पाण्याचा हलका शिंतोडा द्या. रील बादलीत बुडवू नका, नळाखाली जोरातही धरू नका. मीठ आतल्या चाकांत जातं. पुसून सावलीत वाळवा, मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, नाही तर आतल्या चकत्या दबून राहतात. बांबूच्या काठीला कोरडं फडकं पुरे. तुटलेला तंगूस बोटाएवढे तुकडे करून घरच्या कचऱ्यात. किनाऱ्यावर टाकला तर बगळ्यांच्या पायात अडकतो.

नातू काठी डोंबिवलीला घेऊन जाणार असेल तर मुलाला एवढं सांगा : तलाव आणि धरणं बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असतात. तिथे गरवण्याआधी संस्थेची परवानगी घ्यावी लागते, आणि ती मुलाला घेऊन स्वतः जाऊन विचारली तर सहसा मिळते.